नऊ वजा आठ

ऑक्टोबरचा उकाडा मला आवडतो असं म्हटलं, की आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्याकडे जरा काळजीने बघतात. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, दुपारी पंख्याखाली बसलं तरी ब्लाउज पाठीला चिकटतो. यात आवडण्यासारखं काय आहे? पण मुलुंड स्टेशनाबाहेर झेंडूचे ढीग लागले, भाजीवालीच्या टोपलीत मेथीशेजारी आपट्याच्या फांद्या दिसायला लागल्या, की माझ्या नाकाला झेंडूबरोबर आणखी एक वास येतो. तापलेल्या प्लास्टिकचा, नव्या यंत्राचा. तो वास आता कुठे नसतो हे मला कळतं. तरी येतो.

यंदा तो जरा जास्तच आला, त्याला कारण आमची शलाका. शलाका माझी सून. भांडुपच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि फार छान शिकवते, हे मी सासू असूनही कबूल करते. यंदा नवरात्रात तिच्या शाळेने सगळ्या शिक्षकांना नव्या तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाला बसवलं. भिंतीएवढा फळा आलाय म्हणे. त्यावर बोट फिरवलं की चित्र उमटतं, विचारलं तर तो उत्तरही देतो. प्रशिक्षणाहून आली की शलाका खोलीचं दार लावून घेते आणि टॅबवर सराव करते. माझी सहा वर्षांची नात ईरा त्या दाराला कान लावून बसते.

"आजी, मम्मी आत रागावतेय."

"कोणावर गं?"

"टॅबवर."

नवरात्रातच एकदा चहा घेताना मी शलाकाला विचारलं, दार कशाला लावतेस? तर म्हणाली, "आई, वर्गातल्या पोरांना हे सगळं माझ्याआधी येतं हो. दसरा झाला की मला त्यांच्यासमोर त्या फळ्यावर पाठ घ्यायचाय, मॅनेजमेंट बघायला बसणार. मध्येच अडले तर वाट लागली ना माझी. मग वर्षभर कोण ऐकणार माझं?"

मला हसू आवरेना. तिला वाटलं मी तिलाच हसतेय. खरं तर मी हसत होते आमच्या राऊत बाईंना, आणि त्यांनी खिडकीच्या काचांवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रांना.

राऊत बाई म्हणजे मी ज्या शाळेत नोकरीला लागले तिथल्या मराठीच्या शिक्षिका. काळ ऐंशीच्या दशकाचा मध्य. घराघरांत रंगीत टीव्ही यायला लागले होते आणि ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे रविवारी सकाळी अर्धी चाळ, असे ते दिवस. मुलुंडमधली आमची शाळा मराठी माध्यमाची, बैठी, कौलारू, मागे मैदान आणि मैदानाला लागून बांधकामं. मी तिथे भूगोल शिकवायचे. वय कोवळं होतं. वर्गात शिरताना छातीत धडधडायचं आणि स्टाफरूममध्ये शिरताना त्याहून जास्त. राऊत बाईंचं तसं नव्हतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली, पांढरा अंबाडा, त्यात रोज एक फूल, आणि चाल अशी की व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजल्या की तीन वर्ग आपोआप गप्प व्हायचे.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला होता. "सुमन, बाईने वर्गात अडायचं नाही. एकदा अडलेली दिसलीस की संपलं." मी विचारलं, "आणि खरंच येत नसलं तर, बाई?" त्या म्हणाल्या, "तर म्हणायचं, हे पुढच्या इयत्तेत येईल." दहावीच्या वर्गात काय म्हणायचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या वर्षी आमच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाला. एक. सगळ्या शाळेत मिळून एक. एका संस्थेने काही शाळांना यंत्रं द्यायची ठरवलं होतं आणि आमच्या हेडसरांनी, म्हणजे दळवी सरांनी, कुठे कुठे चपला झिजवून आमचं नाव त्यात घातलं होतं. अट एकच होती. दोन शिक्षकांनी शिकून घ्यायचं, त्यातला एक भाषेचा हवा, आणि दसरा झाला की संस्थेचे पाहुणे येतील तेव्हा भाषेच्या शिक्षकाने त्यावर पाठ घेऊन दाखवायचा. पाठ जमला तर यंत्र आपलं. नाही जमला तर ते दुसऱ्या शाळेला जाणार.

"दोन नावं द्या," दळवी सर स्टाफरूममध्ये म्हणाले, आणि एकाएकी सगळ्यांना वह्या तपासायची घाई झाली. गणिताचे कांबळे सर खुशीने गेले असते, पण त्यांच्याकडे दहावीचे जादा तास होते. शेवटी सगळ्यांत लहान म्हणून माझं नाव लागलं, आणि भाषेच्या शिक्षकांपैकी राऊत बाईंचं, कारण त्या दिवशी त्या रजेवर होत्या. शाळेत कामं अशीच वाटली जातात. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी एक दिवस दातांच्या डॉक्टरकडे काय गेले!"

घरी मी बाबांना सांगितलं. माझे वडील मालवणकडचे, सगळी उमेद गिरणीत घालवलेली. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हा ते भांडुपच्या एका कारखान्यात गेटवर बसायचे. यंत्र म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "चेडवा, तां मशीन तुझी नोकरी खायत काय गो?" मी म्हटलं, "बाबा, ते माणसं कमी करायला नाही आणलेलं, मुलांना शिकवायला आणलंय." ते म्हणाले, "मगे तू काय करतलंस?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढे जवळजवळ सगळी नोकरी मी त्याच प्रश्नाशी झटत काढली, आणि मजेत काढली.

प्रशिक्षण अंधेरीच्या एका कॉलेजात होतं. मुलुंडहून आधी घाटकोपरला, तिथून दुसरी बस. राऊत बाईंनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून घेतला होता, स्केचपेनने, अगदी पट्टी धरून. बसमध्ये खिडकीशी बसायच्या, पुठ्ठा मांडीवर घ्यायच्या आणि डोळे मिटून बोटं चालवायच्या. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "बाई, पेटी शिकताय का?" बाई म्हणाल्या, "हो, पण सूर लागत नाही."

शिकवणारा मुलगा विशीतला, केस कानांवर, बोलणं निम्मं हिंदी. तो म्हणायचा, "आंटी, टेन्शन नाय लेनेका, एंटर मारा." बाई म्हणाल्या, "आंटी नाही. बाई. आणि मारायचं कशाला? दाबते." आठवडा संपेपर्यंत तो आणि त्याचे मित्र सगळे त्यांना बाई म्हणायला लागले होते. पण शिकणं काही त्यांना सोपं गेलं नाही. एक स्वल्पविराम चुकला तरी यंत्र पडद्यावर चूक झाल्याचं दाखवायचं, आणि दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा. परतीच्या बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "तीस वर्षं मी लाल शाई वापरली गं. आपल्यावर कोणी वापरली की कसं वाटतं ते विसरलेच होते." त्यांना सगळ्यांत जास्त राग आला तो यंत्राला मराठी येत नाही याचा. "एवढं शिकलेलं आणि मराठी येत नाही!" आकडे मात्र त्याला येतात कळल्यावर त्या थोड्या शांत झाल्या.

त्या आकड्यांवरूनच त्यांना पाठ सुचला. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, ती एकाचे आकडे ओळीने मांडून. मुलांना ते चित्र पाठ असतं, झोपेतून उठवलं तरी काढतील. बाई म्हणाल्या, "तीच सरस्वती यंत्राकडून काढून घ्यायची. कुठल्या ओळीत किती जागा सोडायची आणि कुठे एक लिहायचा, ते मुलांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं. म्हणजे बघ, आपलं जे आहे तेच, फक्त पाटी नवी." मला ती कल्पना इतकी आवडली की मी भर बसमध्ये टाळी वाजवली. कंडक्टरने बेल समजून मागे बघितलं.

प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रिकामी करून यंत्र तिथे ठेवलं होतं. चपला बाहेर काढायच्या. खाली सतरंजी. बाईंनी जुन्या काठपदराच्या साडीचा गलेफ शिवला होता, तो यंत्रावर. आणि खिडक्या! खिडक्या मैदानाच्या बाजूला. आम्ही सरावाला बसलो की काचांना नाकं लागायची. पोरं एकमेकांच्या पाठीवर चढून बघायची. राऊत बाईंकडून चूक झाली की पडद्यावर ती उमटायची आणि बाहेर कुजबुज व्हायची. दोन दिवस त्यांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी घरून खळ आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन आल्या आणि सगळ्या काचा झाकून टाकल्या.

"बाई, उकडेल हो," मी म्हटलं.

"उकडू दे. मी चुकताना मुलांनी बघायचं नाही."

त्या खोलीत त्या ऑक्टोबरात आम्ही दोघी घामाने निथळत बसायचो. टेबलफॅन यंत्राकडे तोंड करून, कारण ते तापू नये. आम्ही तापलो तरी चालणार होतो. बाई पुन्हा पुन्हा सरस्वती काढायच्या. कधी तिचा मुकुट कलायचा, कधी पाय दोन हात लांब जायचे. मी हसायचे, मग त्याही हसायच्या. एकदा हात थांबवून म्हणाल्या, "सुमन, यंत्र गेलं तर गेलं गं. दळवी सर दुसरं आणतील. पण सगळ्या वर्गासमोर मी अडले, तर या वयात मी परत कुठल्या तोंडाने उभी राहू?" मी पंखा थोडा त्यांच्याकडे फिरवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन झालं. मुलं पाट्या घेऊन आली, मुली केसांत झेंडू माळून. आदल्याच संध्याकाळी मैदानात मुलींचा भोंडला झाला होता आणि हत्तीचं चित्र काढलेला पाट अजून व्हरांड्यात होता. दळवी सर म्हणाले, यंदा नव्या पाहुण्याची पूजा झालीच पाहिजे. मग सगळा स्टाफ त्या खोलीत. गलेफ काढला. यंत्राला हार घातला, पडद्याला हळदकुंकू लावलं, आणि एकेकाने पुढे होऊन कीबोर्डवर अक्षता वाहिल्या. वाहिल्या म्हणजे आपण देवावर वाहतो तशाच, मुठीने. शिपाईमामांपासून हेडसरांपर्यंत सगळ्यांनी. बाईंनी तर एकाच्या बटणावर वेगळ्या चार वाहिल्या, कारण त्याच्यावरच सगळं अवलंबून.

कांबळे सर दाराशी उभे होते. दसरा त्यांच्या घरी धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, सकाळपासून पांढऱ्या कपड्यांत वंदनेची गडबड असायची. त्यांनी एक झेंडूचं फूल यंत्राशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "तांदूळ कशाला टाकता? त्याला भूक लागलीय का?" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "सर, शुभ असतं." सर म्हणाले, "असेल. मला आपला पुलाव आठवला."

पूजा केलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, अभ्यास बंद, हे तर मुलांना वर्षभर लक्षात राहणारं एकमेव शास्त्र. आम्हीही गलेफ घातला आणि कुलूप लावलं. दसऱ्याला सुट्टी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन एकदा चालवून बघायचं, असं आमचं ठरलं होतं. पण पाहुणे आमच्याही आधी आले. शाळेच्या फाटकात गाडी उभी, दळवी सर धावतायत, आणि आठवीचा वर्ग सतरंजीवर बसून तयार.

पाहुणे दोघे होते. एक साहेब, टाय लावलेले, आणि एक बाई, सुती साडीतल्या, ज्या सरळ जाऊन मुलांच्या मागे सतरंजीवर बसल्या. साहेबांना खुर्ची दिली. मी यंत्राच्या एका बाजूला, राऊत बाई दुसऱ्या बाजूला, अंबाड्यात शेवंती. यंत्र सुरू केलं, पडदा उजळला. मी अक्षता झटकल्या होत्याच. बाईंनी मुलांना समजावून सांगितलं, "हे यंत्र सांगितल्याप्रमाणे वागतं. प्रत्येक सूचनेला आधी आकडा द्यायचा. पहिलीला दहा, दुसरीला वीस, म्हणजे ते क्रमाने वाचतं. प्रिंट म्हटलं की पुढचं पडद्यावर उमटवतं." आणि दहा लिहायला त्यांनी एकाचं बटण दाबलं.

पडद्यावर काही आलं नाही.

त्यांनी परत दाबलं. मग जोरात. मी दाबून बघितलं. बटण खाली जाईचना, आत काहीतरी अडकलेलं. दोनाचं बटण चालत होतं, तीनाचं चालत होतं, सगळी मुळाक्षरं चालत होती. एक तेवढा नाही. आणि सगळी सरस्वती एकाची.

खुर्चीतले साहेब पुढे वाकून म्हणाले, "मशीन बिघडलंय का?" दळवी सरांच्या कपाळावर घाम आला. दाराशी उभ्या कांबळे सरांनी माझ्याकडे बघून हळूच तोंडात घास घालायची खूण केली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अक्षता! मी राऊत बाईंकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे डोळे त्यांच्यावर. मला वाटलं, आता त्या म्हणतील, हे पुढच्या इयत्तेत येईल.

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. एकदा खिडकीवरच्या वर्तमानपत्रांकडे बघितलं. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "मुलांनो, एक हे बटण चालत नाही. आणि सरस्वती तर एकाचीच असते. काय करायचं ते मला माहीत नाही."

तीस वर्षांत त्या खोलीतल्या कोणीही हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलाचं तोंड उघडं राहिलं. साहेबांनी घड्याळात बघितलं. आणि बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं, तर चक्क हसू. भोंडल्यात झाकलेला डबा हलवून मुलींना विचारतात ना, तशा दोन्ही हात कीबोर्डवर धरून त्या म्हणाल्या, "चला, ओळखा खिरापत! एकाचं बटण न दाबता एक कसा आणायचा?"

मग एक हात वर आला. "बाई, टीव्हीला एक चापट मारा. आमचा तसाच चालू होतो." वर्ग हसला. दुसरा म्हणाला, "कंपासच्या टोकाने बटण उचकटूया." दळवी सर जागेवरून ओरडले, "खबरदार!" तिसऱ्याने सांगितलं, "बाई, इंग्रजी आय दाबा ना, एकासारखाच दिसतो." बाईंनी खरंच आय दाबून दाखवला. पडद्यावर तो उभा राहिला. बाईंनी मान तिरकी करून बघितलं. "दिसायला आहे रे. पण सरस्वतीला खोटे दागिने कशाला? खरा एक हवा. अजून विचार करा." आता मुलं सतरंजीवर गुडघ्यांवर उठली होती. खिडकीबाहेरही गलका सुरू झाला होता. वर्तमानपत्राचा एक कोपरा कोणीतरी बाहेरून फुंकून हलवायचा प्रयत्न करत होतं, जणू काच मधे नाहीच.

तिसऱ्या रांगेत वैशाली नावाची मुलगी होती, अबोल, मान खाली घालून बसणारी. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. एकदम मान वर करून म्हणाली, "बाई, त्याला वजाबाकी येते?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येते."

"मग नऊमधून आठ काढायला सांगा ना."

बाईंनी सावकाश, एका बोटाने, प्रिंट लिहिलं. नऊ. वजा. आठ. आणि एंटर, या वेळी मात्र चांगला मारला.

पडद्यावर एक आला. खणखणीत, खरा एक.

पुढचा गोंधळ मला अजून ऐकू येतो. मुलं अशी ओरडली की शेजारचे वर्ग बाहेर आले. मग सगळ्यांनाच ऊत आला. पहिल्या ओळीला दहा देता येत नाही, तर वीस द्या! नव्वदनंतर काय, शंभरात एक आहे, तर थेट दोनशे! अकरा जागा सोडायच्या असतील तर? "बारा वजा एक," कोणीतरी म्हणालं आणि दहा जण त्याच्यावर तुटून पडले, "अरे येड्या, त्यात दोनदा एक आला!" नऊ अधिक दोन, असं शेवटी ठरलं. सुती साडीतल्या पाहुण्या बाई कधी पुढे सरकून मुलांमध्ये बसल्या ते कळलंच नाही. त्याही बोटं मोजत होत्या. राऊत बाई टाइप करत होत्या आणि चुकत होत्या. चूक पडद्यावर आली की मुलंच सांगायची, "बाई, टिंब राहिलं." आणि बाई म्हणायच्या, "राहिलं खरं."

तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. दुसरी घंटा व्हायच्या आत सरस्वती पूर्ण झाली. मुकुट थोडा डावीकडे कलला होता. मुलांनी आपल्या आपण हात जोडले. साहेबही खुर्चीतून उठून उभे होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते उकाड्यावर ढकललं.

स्टाफरूममध्ये चहा आणि बटाटेवडे होते. पाहुण्या बाई म्हणाल्या, "यंत्र इथेच राहू द्या. ते बटण तेवढं दुरुस्त करून घ्या." दळवी सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की बशीतली चटणी हलली असेल. कांबळे सर मला म्हणाले, "बाई, पुलाव पचला म्हणायचा," आणि हे वाक्य त्यांनी पुढे वर्षभर वापरलं. राऊत बाई मात्र तिथे नव्हत्या.

मी त्यांना शोधत खोलीकडे गेले. त्या खिडकीशी उभ्या होत्या, बादलीत पाणी आणि हातात फडकं. ओल्या फडक्याने खळ भिजवायच्या आणि वर्तमानपत्रं सोलून काढायच्या. एकेक काच मोकळी होत होती आणि एकेका काचेमागून नाकं दिसत होती. मी न विचारता फडकं घेतलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "सुमन, मला वाटायचं मला माहीत आहे म्हणून मुलं माझं ऐकतात." बाहेरच्या एका पोराला त्यांनी काचेवर बोट वाजवून दाखवलं आणि त्याने आतल्या बोटावर आपलं बोट टेकवलं. ते त्यांना फार आवडलं होतं, त्यांचा चेहराच सांगत होता.

बाबांना मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांचा प्रश्न मी विसरले नव्हते. यंत्र शिकवणार, मग तू काय करणार? मी म्हटलं, "बाबा, त्याला वजाबाकी येत होती. पण नऊमधून आठ काढायचे, हे त्याला सुचलं नाही. ते वैशालीला सुचलं, आणि बाईंनी विचारलं म्हणून सुचलं. मला वाटतं, माझं काम ते विचारण्याचं आहे." बाबांनी विचार केला. म्हणाले, "म्हणजे नोकरी रवली." मी म्हटलं, रवली, राहिली. मग ते वैशाली कोणाची कोण, कुठल्या गावची, याची चौकशी करत बसले.

दिवाळीनंतर मेकॅनिक आला. त्याने बटण काढलं आणि आतून दाणे निघाले, कुंकवाने लाल, अगदी चार. आता एकाचं बटण मऊ चालायला लागलं. पण मुलांना त्यात काही गंमत वाटेना. त्यानंतर राऊत बाई निवृत्त झाल्या, मी शाळेची मोठी बाई, म्हणजे मुख्याध्यापिका झाले, यंत्रं बदलली, खोली बदलली. तरी मी शाळेत होते तोवर दर दसऱ्याला आठवीची मुलं यंत्रावर सरस्वती काढायची, आणि बटण चांगलं असूनही एक लिहायचा तिथे नऊ वजा आठच लिहायची. का, हे नव्या मुलांना माहीत नसायचं. तशीच काढायची असते, एवढं माहीत असायचं.

हे सगळं मी त्या दिवशी चहा गार होईपर्यंत शलाकाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, म्हणाली, "आई, तुमचा काळ वेगळा होता," आणि आत जाऊन दार लावलं. मी कप उचलले. सुनेला दोनदा सांगितलं की तो उपदेश होतो.

दसऱ्याला आम्ही पाटीपूजन केलं. पाटावर ईराची पाटी, शलाकाची पुस्तकं, तिचा टॅब. मी अक्षतांची वाटी उचलली तशी शलाकाने टॅब चटकन छातीशी धरला. "आई, याला फक्त फूल हं." आम्ही दोघी इतक्या हसलो की ईराला कळेना काय झालं.

आणि काल तिचा पाठ होता. संध्याकाळी ती आली ती चपलांसकट आत, पर्स खुर्चीवर टाकली. "आई, अडले मी. मधोमध. फळा ढिम्म. मॅनेजमेंट मागे बसलेलं."

"मग गं?"

"मग काय? म्हटलं, मला माहीत नाही, कोणाला येतंय?" ती थांबली आणि तिचे डोळे चमकायला लागले. "अहो, अख्खा वर्ग पुढे आला. जो पोरगा जूनपासून तोंड उघडत नव्हता ना, तो मला शिकवत होता. घंटा झाली तरी कोणी हलेना."

रात्रीच्या जेवणाआधी ती सरावाला बसली. दार उघडं होतं. ईरा आत तिच्या मांडीला टेकून बसलेली, हातात दसऱ्याची पाटी. तिची सरस्वती शेवटच्या एका आकड्यासाठी अडली होती, पेन्सिलीचा इवलासा तुकडा बोटांत धरता येईना. मी तो घेतला आणि रिकाम्या जागी बारीक अक्षरात लिहिलं, नऊ वजा आठ.

ईराने पाटी जवळ घेऊन बघितली, लांब धरून बघितली. "आजी, हे काय? इथे असं का?"

पस्तीसेक वर्षं मुलांना शिकवलेली बाई मी. सगळं सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तू ओळख."